पाटीवरची अक्षरं आणि पाकिटावरची

बाजाराच्या दिवशी खानापूरच्या किंवा निपाणीच्या एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ नुसतं उभं राहून बघावं. चिठ्ठी काउंटरवरून आत सरकते. आतला पोरगा ती डोळ्यांखालून घालतो, खणांतून तीन-चार डब्या खाली येतात, कात्रीनं एका पाकिटाच्या पाच, दुसऱ्याच्या दहा अशा गोळ्या कापल्या जातात, मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेननं दोन-तीन खुणा होतात आणि सगळं खाकी पिशवीत जातं. "आक्का, ही दोन जेवल्यावर, ही उपाशीपोटी." आक्कांचं लक्ष सुट्या पैशांकडे आणि सुटायला आलेल्या बसकडे. तोवर मागच्यानं आपली चिठ्ठी पुढं केलेली असते.

डॉक्टरनं तपासलं, रक्त-लघवी झाली, निदान झालं, आणि मग हे एक मिनिट. इथं चूक झाली तर पुढं ती पकडणारं कुणीच नाही. आहेत त्या आक्काच, ज्यांना पाकिटावरचं वाचता येत नाही.

सीमाभागात आम्ही अक्षरांवरून किती भांडलो याची गणती नाही. दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, सातबारा, सरकारी परिपत्रकं, मतदार याद्या. ही भांडणं खोटी होती असं मी म्हणत नाही. त्यातली बरीचशी मला आजही रास्त वाटतात. पण औषधाच्या पिशवीवर रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहून मिळावं म्हणून कुणी निवेदन दिलेलं मला आठवत नाही. आणि माणूस मरण्या-जगण्याचा संबंध पाटीपेक्षा या पिशवीशी जास्त आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : सीमाभागातल्या प्रत्येक मेडिकलनं औषध देताना ते कशाचं, केव्हा आणि किती घ्यायचं हे रुग्णाच्या भाषेत, मराठी असेल तर मराठीत आणि कन्नड असेल तर कन्नडमध्ये, लिहून दिलं पाहिजे. ही दुकानदाराची मेहरबानी म्हणून नको, औषध देण्याच्या कामाचाच भाग म्हणून हवी.

औषधातली चूक म्हटली की आपल्याला भेसळ आठवते. त्याला कारणही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीत बाळंतिणी दगावल्या आणि सलाईनवर संशय आला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं गेली. हे कारखान्याचे गुन्हे आहेत, त्यांच्या बातम्या होतात, परवाने रद्द होतात. पण चांगल्या कारखान्यातलं चांगलं औषध चुकीच्या माणसाच्या हातात किंवा चुकीच्या मापानं गेलं, तर त्याची बातमी होत नाही. "वय झालं होतं" म्हणून विषय मिटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम उघडली आणि अशा चुकांपायी जगाचं वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचं नुकसान होतं असा अंदाज मांडला. आपल्या गल्लीतलं नुकसान मात्र कुणीच मोजत नाही.

चुका होतात कशा ते बारकाईनं बघण्यासारखं आहे, कारण त्यातल्या बऱ्याच कुणाच्या बेफिकिरीमुळं होत नाहीत. कार्बिमॅझोल थायरॉइडची गोळी, कार्बामॅझेपिन फिटची. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीत दोन्हींची सुरुवात एकच, शेवट म्हणजे एक लांब रेघ. ब्रँडच्या नावांचा तर विचारूच नका. मलेरियाच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन नावांचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि औषधांच्या नावांतलं साधर्म्य इतर मालापेक्षा जास्त कडकपणे तपासलं पाहिजे असं कोर्टानं २००१ मध्येच सांगितलं. तरी आजही एकाच नावाला वेगवेगळी शेपटं लावून कंपन्या निरनिराळी औषधं विकतात. बीपीच्या टेल्मिसार्टनच्या नावापुढं 'एच' आलं की आत पाणी उतरवायची गोळी मिसळलेली असते, 'एएम' आलं की अ‍ॅम्लोडिपिन, म्हणजे बीपीचंच दुसरं औषध. डॉक्टरनं साधी लिहिलेली, दुकानात शेपूटवाली दिली गेली, तर रंग, कंपनी, आकडा सगळं सारखंच दिसतं. रुग्णाला आठवड्यानं चक्कर यायला लागते, आणि ऊन लागलं असेल म्हणून तो ताक पिऊन झोपतो.

इन्सुलिनचं सांगतो, कारण शुगर आता घरटी झाली आहे. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजाही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं ओढलं तर खूण २० ची दिसते आणि अंगात ५० युनिट जातात. अडीचपट. शुगर एवढी खाली येते की माणूस झोपेतच बेशुद्ध व्हावा. उलट झालं तर अडीचपट कमी जातं आणि "इन्सुलिन लागू पडत नाही" म्हणून डोस वाढत राहतो. बाटली एका दुकानातून, सिरिंजा संपल्या म्हणून दुसऱ्यातून, असं खेड्यात रोज होतं. काउंटरवरच्या माणसानं "बाटली कितीची आहे तुमची?" एवढं विचारलं तर ही चूक होतच नाही. हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही, सवय लागते.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, तेही असंच. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तिच्याबरोबर बहुतेकदा फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते, ती बाकीच्या दिवशी. दोन्ही लहान, बऱ्याचदा दोन्ही पिवळसर. अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस दगावू शकतो. जगभर हीच चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे, म्हणून आता जाणते डॉक्टर चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर न थांबता वारसुद्धा लिहितात.

आता ही सूचना आमच्याकडच्या काउंटरवर कशी पोचते ते बघा. बेळगावच्या मराठी माणसाला बाजारापुरती कन्नड येते. भाजीचा भाव होतो, बसचा रस्ता विचारता येतो. 'ऊटा आदमेले' म्हणजे जेवल्यावर, हे आक्कांनाही कळतं. पण "ही फक्त सोमवारी, ती मंगळवार ते रविवार, सोमवारी ती नाही" एवढं समजायला ती कन्नड पुरत नाही. आक्का मान डोलावतात. मान डोलावणं म्हणजे कळणं, असं धरून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हेच उलट्या दिशेनंही घडतं. अथणी-चिकोडीकडचे कन्नड भाषक रुग्ण मिरजेला जातात, तिथला डॉक्टर चिठ्ठीवर मराठीत 'सकाळ-संध्याकाळ, जेवणापूर्वी' लिहितो आणि गावी आल्यावर ते वाचायला शेजारचं मराठी घर शोधावं लागतं. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड म्हाताऱ्यांची मराठी मेडिकलमध्ये होणारी पंचाईत आमच्या आक्कांच्या पंचाइतीहून वेगळी नाही. म्हणून ही मागणी फक्त मराठीसाठी करण्यात मला अर्थ वाटत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना ती सारखीच लागू पडते.

सीमेचा आणखी एक परिणाम आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. आमचे रुग्ण एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यात उपचार घेतात. निपाणीचा माणूस कोल्हापूरला, खानापूरचा गोव्याला, चंदगडचा बेळगावला. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडून पत्रकं निघाली. ऑपरेशन कुठल्या सरकारच्या पैशानं व्हावं यावर एवढा काथ्याकूट. पण ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाच्या हातातली डिस्चार्जची चिठ्ठी इथल्या दुकानात कशी वाचली जाते, त्यातला ब्रँड मिळाला नाही की काय दिलं जातं, याची चौकशी दोन्ही सरकारांपैकी एकालाही करावीशी वाटली नाही.

बेळगावात आमच्या शहापुरातल्या गल्लीत एका आजींकडे बिस्किटांचा जुना डबा आहे. त्यात रबरबँड लावलेली पाकिटं, कापलेले तुकडे, दोन अर्धवट बाटल्या. सुट्टीत आलेल्या नातीनं तो डबा जमिनीवर ओतून एकेक पाकीट वाचायला घेतलं. एका तुकड्यावर नावाची शेवटची चार अक्षरं तेवढी उरलेली, एक्स्पायरीचा भाग कात्रीखाली गेलेला. बॉलपेनच्या खुणा पुसून निळा डाग राहिलेला. आणि दोन वेगळ्या रंगांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत एकच नाव : टेल्मिसार्टन ४०. एक कोल्हापूरच्या डॉक्टरचा ब्रँड, दुसरं इथल्या जनऔषधी केंद्रातलं. आजींच्या लेखी एक 'गुलाबी पाकिटाची' आणि एक 'पांढऱ्या पाकिटाची', आणि दोन्ही बीपीसाठी डॉक्टरनंच दिलेल्या, म्हणून दोन्ही चालू. जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ नावानं मिळणाऱ्या औषधांना माझा विरोध नाही, उलट त्यांनी हजारो घरांचा खर्च वाचवला आहे. पण "तुमची आधीची बंद करायची, ही तिच्याऐवजी" हे वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं. २०१८ पासून एकच घटक असलेल्या औषधाच्या पाकिटावर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे. नियम चांगला, पण छापतात ते इंग्रजीत, आणि आजींच्या मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना मोठी अक्षरंही मुंगीच्या पायाएवढीच.

कायदा काय म्हणतो? कायदा चांगलाच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी द्यायचं नाही. औषध नियमांतल्या ६५ व्या नियमानुसार ते त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे, आणि 'शेड्यूल एच' मधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध चिठ्ठीत लिहिलंय तेच द्यायचं. आत तोच घटक असला तरी दुकानदारानं परस्पर बदलून दुसरा ब्रँड द्यायचा नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी फार्मासिस्टनं पांढरा कोट घालावा, नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावावा, रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगावं असं ठरवलं. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हा मेडिकल कौन्सिलचा दंडक २०१६ चा. आता आपापल्या गावातली मेडिकल आठवा. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं, काउंटरवर दुसराच कुणी, कोट खुंटीवर. "ते नाही, हेच आहे, सेम आहे" हे वाक्य तर रोजचंच.

दुकानदारांची बाजू नाही असं नाही. गर्दी असते. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन, त्यातूनच भाडं, पगार आणि ऑनलाइनवाल्यांशी स्पर्धा म्हणून गिऱ्हाइकाला सूट. खेड्यात रात्री दहाला दार वाजवलं तरी उघडणारं मेडिकलच असतं, डॉक्टर नसतो. ज्याच्याकडं अर्ध्या गावाची उधारी आहे, त्याच्यावर चिखलफेक करायचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट मला खटकते. दुकानाबाहेर किती टक्के सूट याची पाटी ठळक असते. 'इथं औषध समजावून दिलं जाईल' अशी पाटी मी तरी कुठं पाहिली नाही. स्पर्धा करायचीच तर त्यात करता येईल की.

आणि लिहून देणं महागही नाही. बहुतेक दुकानांत आता संगणकावर बिल निघतं, त्यात औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी छापून येते. तोच संगणक एक छोटी चिकटपट्टी छापू शकतो : सकाळी, दुपारी, रात्री असे तीन चौकोन, सूर्य-चंद्राचं चित्र, जेवणाआधी की नंतर, कशासाठी, आणि आठवड्याची गोळी असेल तर वार. मराठीत एक, कन्नडमध्ये एक. गिऱ्हाईक मागेल ती लावायची. संगणक नसेल तर छापील कोऱ्या पट्ट्या मागवून पेननं खुणा करायच्या. पट्टी पाकिटाच्या तुकड्यावर न लावता एकेका औषधाच्या छोट्या पिशवीवर लावावी, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत टिकते. सरकारी दवाखान्यांच्या औषध खिडकीवर तर हे उद्यापासून सुरू व्हायला हरकत नसावी. ज्या तालुक्यात एखादी अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशानं कधीच मान्य केलेलं आहे. रोज घ्यायच्या गोळीच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कुठली असते?

यावर कुणी म्हणेल, कशाला उगाच, पाट्यांच्या वादात हेही ओढलं जाईल. असं म्हणणाऱ्यांची भीती मला समजते. इथं राहणाऱ्या प्रत्येकाला समजते. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा कर्नाटकाचा नियम आहे. तो पाटीसाठी आहे, आजारी माणसाच्या पिशवीसाठी नाही. आणि कन्नड संघटनांनी मिरज-जतच्या मेडिकलमध्ये कन्नड पट्टी मागितली तर मराठी माणसानं सगळ्यात आधी त्या निवेदनावर सही करावी. असं झालं तर इथली मागणी भाषिक आहे की वैद्यकीय हा वाद कुणाला घालता येणार नाही.

रुग्णानं जागरूक राहावं, हा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धवट वाटतो. ज्याला जागरूकतेची जास्त गरज, तो सत्तर वर्षांचा, सात गोळ्यांचा, चष्मा घरी विसरलेला माणूस. सगळी व्यवस्था त्याच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होणार असू तर ती पळवाट झाली. तरीही, व्यवस्था सुधारेपर्यंत घरच्यांच्या हातात थोडं आहे. त्यातल्या एकाच गोष्टीवर माझा भर आहे. काउंटर सोडण्याआधी प्रत्येक पाकिटावर बोट ठेवून विचारायचं, "ही कशाची?" उत्तर आपल्या आजाराशी जुळलं नाही, शुगर नसताना "शुगरची" असं आलं, की तिथंच थांबायचं. नावाच्या गोंधळातून झालेल्या बऱ्याच चुका या एका प्रश्नानं पकडल्या जातील. गावातल्या ओळखीच्या दुकानदाराला असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं आपल्या लोकांना वाटतं. सोनाराकडं वजनकाटा वाकून बघताना मात्र वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात. पाकीट कापताना नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग आपल्याकडं राहील असं बघावं, नाहीतर पूर्ण पाकीट घ्यावं. पेनिसिलिन किंवा सल्फा सोसत नसेल तर ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात डॉक्टरकडून लिहून घ्यावं. लहान मुलांच्या तापाच्या औषधाला जास्त जपावं : पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरच्या चमच्यात १२० ते १२५. थेंबांचं औषध चमच्यानं पाजलं तर चौपट जातं. बाटली बदलली की मापही बदलतं, म्हणून बाटलीबरोबरचं टोपण किंवा ड्रॉपरच वापरावा, घरातला चमचा नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठीचा फोटो टाकून "मागच्या वेळचंच द्या" म्हणणं बंद करावं; मागच्या वेळचं काय होतं हे दुकानातल्या नव्या पोराला माहीत नसतं.

चूक होऊन गेली असेल तर पहिली गोष्ट, पाकीट फेकायचं नाही. ते, चिठ्ठी आणि बिल घेऊन आधी डॉक्टर गाठायचा, भांडण नंतर. मग दुकानात सांगायचं, कारण त्याच दिवशी तीच चूक आणखी कुणाच्या पिशवीत गेली असेल तर दुकानदाराला त्या माणसाला गाठता येतं. पक्कं बिल नसेल तर ग्राहक आयोगापुढं उभं राहणं अवघड, म्हणून पाच रुपये वाचवायला बिल सोडू नये. औषधामुळं त्रास झाला तर गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालणाऱ्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. रुग्णांसाठीचा त्यांचा फॉर्म मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. बेळगावातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेनं निदान तेवढे दोन कागद प्रत्येक काउंटरवर ठेवायला सुरुवात करावी. चिकटपट्टीचं त्यानंतर बोलू.